गावपळणीत जागा राहिलेला लॅपटॉप

माझी मुलगी रसिका लॅपटॉप झोपवण्याचा पगार घेते. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग रसिकाच्या आईकडे बघतो आणि हळूच विचारतो, "इंजिनेर ना रे ती?" इंजिनिअरच आहे. पण काम झोपवण्याचं.

तिनं मला समजावलं ते असं. लॅपटॉपचं झाकण मिटलं की त्यानं झोपायचं असतं. त्याच्या पोटात पडदा, पंखा, वायफाय, बॅटरी अशी पंधरा-वीस खाती असतात आणि प्रत्येक खात्यावर ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम नेमलेला असतो. झाकण मिटलं की सगळ्या ड्रायव्हरांनी आपापलं दुकान बंद करायचं आणि मालक उठवीपर्यंत पडून राहायचं. त्यातला एक जरी उठून बसला तरी तो सगळ्यांना उठवतो. मग बॅटरी संपते, यंत्र तापतं आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. असे ड्रायव्हर सुधारायचं काम रसिका बंगळुरूच्या एका कंपनीसाठी करते, आणि गेली दोन वर्षं ते ती आमच्या गावी, कोकणातल्या खाजण्यात, घराच्या पडवीत बसून करते.

मी गणपत धुरी, निवृत्त वायरमन. एकतीस वर्षं खांबांवर काढली. घरातल्या मीटरपासून गोठ्यातल्या बल्बापर्यंत सगळी वायर मी स्वतः ओढलेली. तिला नाव ठेवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं मी चारचौघांत म्हणत असे. तो जन्मला, आणि बंगळुरूत साहेब होऊन बसला.

त्याचं झालं काय, की कंपनीच्या एका नव्या मॉडेलच्या तक्रारी यायला लागल्या. चार्जिंगला लावून झोपवलेला लॅपटॉप आपोआप उठतो आणि मग झोपत नाही. बंगळुरूच्या लॅबमध्ये तेच मॉडेल मेल्यासारखं झोपायचं. आमच्या पडवीत मात्र ते दिवसातून वीसदा उठायचं. तीन आठवडे रसिका त्याच्या मागे होती. शेवटी एका संध्याकाळी ती चहाचे दोन कप घेऊन माझ्याशेजारी बसली.

"बाबा, साहेब म्हणता, एक तारखेपासून बंगळुराक येवन बस. थंय लॅबात सगळी यंत्रां आसत. हयसर घराचो करंट वाईट आसा."

"कोणाच्या घराचो?"

"आपल्या."

मी कप खाली ठेवला. माझ्या करंटाला वाईट म्हणणाऱ्याला मी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रसिकानं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"सोमवारी चार वाजता साहेबाचो फोन येतलो," ती म्हणाली. "तवसर कारण सापडला तर मी हयच रवतंय. नायतर जावकच होया."

आता खरं सांगायचं तर करंटापेक्षा हे मला जास्त लागलं. ती घरी यायच्या आधी मी आणि लक्ष्मी, म्हणजे माझी बायको, दिवसाला दहाएक वाक्यं बोलायचो, त्यातली चार गॅस सिलिंडरवर असायची. पोर आली आणि घराला तोंड फुटलं. आता ती जाणार होती. पण असं बोलून दाखवायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मी तिला काम शिकवायला घेतलं.

"लाइनीर फॉल्ट इलो की आमी पयलो अर्धो गाव बंद करायचो. उरलेल्या अर्ध्यात फॉल्ट दिसलो की तेचो अर्धो बंद. असा करत करत एका खांबार येवन पोचायचा."

"मीपण ताच करतंय, बाबा. एकेक ड्रायव्हर काढून बगलंय. पण घरात एका वक्ताक धा गोष्टी चालू असतत. मिक्सर, इस्त्री, टीव्ही, आईचो ओव्हन. कोणामुळे उठता ताच कळना नाय." ती म्हणाली. "सगळा गाव एकदम गप झाला तर कळात."

आणि आमचं गाव शनिवारी गप होणारच होतं.

आमच्याकडे गावपळण असते. दर तीन वर्षांनी ग्रामदेवाला कौल लावतात, देवानं होय म्हटलं की नगारा होतो आणि अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री घर सोडून वहाळापलीकडे, म्हणजे गावच्या ओढ्यापलीकडे, वेशीबाहेर झावळ्यांच्या खोपी बांधून राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. त्या दिवसांत गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही, कुणी पाऊल ठेवायचं नाही. त्या तीन दिवसांत गावात देवाचे गण फिरतात म्हणतात. फिरोत बापडे. आम्ही इकडे पत्ते खेळतो, मटण शिजवतो, ओव्हनवाचून कुणाचं अडत नाही.

या जुन्या रीतीत एक नवं कलम मी घातलेलं आहे. पंधरा वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, मी देवळात उभा राहून भाषण केलं होतं. दिवा लावायचा नाही म्हणजे विजेचासुद्धा नाही, घराबाहेर पडताना प्रत्येकानं मेन स्विच पाडायचा. "पळणीत मीटर फिराक नको!" असं मी म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. मुख्य मानकरी बाबली गावकर, माझा शाळेपासूनचा सोबती, त्यानं ते कलम तिथल्या तिथे देवाच्या कानावर घातलं. तेव्हापासून दर पळणीला निघण्याआधी मी गावात फिरून ओरडतो, "मेन पाडलास काय रे?" आणि प्रत्येक घरातून "होय होय" असं उत्तर येतं.

यंदाही मी ओरडत फिरलो. आपल्या घरचा मेन शेजाऱ्यांदेखत पाडला. सगळे वहाळ ओलांडत असताना मी लक्ष्मीला म्हटलं की चष्मा विसरला, आणि मागे वळलो.

चष्मा खिशात होता. परसात मी चाळीस पोफळीची रोपं लावली होती, हाताएवढी. मार्गशीर्षाचं कोरडं ऊन, तीन दिवस पाणी नाही म्हणजे चाळिसांतली तीस गेलीच. टाकीतून नळ्या काढून थेंब थेंब पाणी त्यांच्या बुडात सोडलं होतं. टाकीत एक प्लास्टिकचा डबा तरंगत असतो. पाणी खाली गेलं की डबा खाली जातो, मोटर आपोआप चालू होते, टाकी भरली की बंद. हे सगळं मीच बनवलेलं. मीटर सहा मिनिटं फिरला तर देवाला काय कळतंय, असा विचार करून मी मेनपाशी गेलो. बघतो तर मेन चालूच.

मला वाटलं, गणपत, म्हातारा झालास. पाडलास असं तुला वाटलं, पाडलाच नाहीस. पण पाप न करताच झालं होतं, तेव्हा मी देवाला हात जोडले आणि हलक्या मनानं परत आलो. वाटेत रसिका भेटली. मांजर राहिलंय का ते बघायला गेले होते म्हणाली. आमच्याकडे मांजर नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

रविवारी सकाळी खोपीत आम्ही पेज जेवत होतो, तेवढ्यात रसिकाचा मोबाइल वाजला. टिंग. तिनं बघितलं आणि वेळ वहीत लिहिली. मग भांडी घासताना पुन्हा टिंग. लक्ष्मीनं विचारलं तेव्हा रसिकानं आवाज खाली घेऊन सांगितलं. लॅपटॉप ती घरी चार्जिंगला लावून झोपवून आली होती. तो उठला की तिला मोबाइलवर एक संदेश पाठवायचा आणि दोन मिनिटांनी पुन्हा झोपायचा, अशी तिनं व्यवस्था केली होती.

"मगे मेन?" मी विचारलं.

"तुमी पाडलात, मी वर केलंय." तिनं कान पकडले. "रागवा नको, बाबा. येवढा गप घर परत मिळाचा नाय."

मी रागावलो. रागवणं भागच होतं, मी कलमकर्ता. चांगलं पाच मिनिटं बोललो. बोलताना मात्र खिशातला चष्मा टोचत होता.

लक्ष्मीच्या तोंडात तीळ भिजत नाही. वहाळावर हंडा भरायला गेली आणि म्हणाली, "आमच्या घरातलो लॅपटॉप उठता गो सारको." दुसरीनं तिसरीला सांगितलं की धुऱ्यांच्या घरात कायतरी उठतं. जेवणवेळेपर्यंत सगळ्या खोपींत पोचलं की गावात कुणीतरी जागं आहे. बाबली मानकरी काठी टेकत आला आणि त्यानं माणसं मोजायला लावली. तीनशे अठरा. एकही कमी नाही. गुरं मोजली, तीही पुरी. त्यामुळे भीती कमी होण्याऐवजी वाढली.

"माणूस नाय, ढोर नाय, तर मगे जागा कोण आसा?" बाबली म्हणाला. "पळण मोडली काय बगूक होयी. मोडली आसात तर देव परत तीन दिस घालतलो."

आणखी तीन दिवस म्हटल्यावर म्हाताऱ्या कण्हायला लागल्या. कुणी म्हणालं, त्या पोरीचं यंत्रच खोटं बोलतंय, टाका वहाळात. रसिकानं मोबाइल छातीशी धरला आणि माझ्या बाजूला येऊन बसली.

"बाबा, ह्यां बगा." तिनं वही पुढे केली. "रोज वेळीअवेळी उठा होतो. आज बगा. सात सव्वीस, आठ तेरा, नऊ. दर सत्तेचाळीस मिन्टांनी. एक मिनिट हडे नाय, एक मिनिट थंय नाय. रिकाम्या गावात सत्तेचाळीस मिन्टांनी काय होता?"

माझ्या तोंडात पान होतं, ते तसंच राहिलं. परसातली टाकी थेंबाथेंबानं रिकामी होऊन मोटर सुरू व्हायला सत्तेचाळीस मिनिटं लागतात. मला माहीत होतं, कारण मीच मनगटावरच्या घड्याळात तीनदा मोजलं होतं.

"कावळो बसत असतलो तारेर," मी म्हणालो.

"घड्याळ बांदून?" रसिका म्हणाली.

त्या दिवशी मी एकाही डावात पत्ता धड टाकला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते मला कळलं. सांगावं तर पंधरा वर्षं गावभर "मेन पाडलास काय" म्हणत हिंडलेला माणूस पळणीत मोटर लावून आलेला, आणि तीही अशा बारीक वायरीवर, की मोटर सुरू झाली की घराचा करंट डुलकी घेतो. म्हणजे बंगळुरूचा तो साहेब खरा. न सांगावं तर पोर जाते. रात्री मी कूस बदलत राहिलो. लक्ष्मी म्हणाली, ढेकूण चावत असतील.

सोमवारी साडेअकराला रसिका खोपीच्या दारात मोबाइल घेऊन बसली. चेहरा उतरलेला.

"कारण काय सापडाचा नाय, बाबा. चार वाजेपर्यंत कित्याक थांबा? साहेबाक आताच लिवन टाकतंय, एक तारखेक येतंय म्हणान." ती टाइप करायला लागली, मग थांबली. "आईक आज सांगा नको. आणि मी गेल्यार तुमी दोगा वेळार जेवशात मां?"

दोन वर्षांत आम्ही वेळेवर जेवत होतो ते ही हाक मारायची म्हणून. मी वहाणा घातल्या.

"मेल धाडू नको," मी म्हणालो. "तो कावळो माझो आसा."

तिला कळेना. मी सगळं सांगितलं, चष्म्यासकट. ती इतकी हसली की शेजारच्या खोपीतला कुत्रा भुंकायला लागला. पण हसून झाल्यावर म्हणाली, "बाबा, साहेबाक नुसता सांगून चलाचा नाय. मोटर लागता तेवाच उठता, ह्यां बगूक होया." गावात तर पाऊल टाकता येत नव्हतं.

माझं परस वहाळाच्या काठाला लागून आहे. मोटरीचा आवाज एरवी कुणाला ऐकू येत नाही, पण मुकं गाव असलं तर अलीकडून येईल, असं मला वाटलं. म्हणून मी बाबलीच्या खोपीपुढे उभा राहिलो आणि तीनशे माणसांसमोर बोललो. पळण मोडणारा मी. भूत नाही, गण नाही, पोरीचं यंत्र खोटं नाही. गणपत धुऱ्याची अर्धा हॉर्सपॉवरची मोटर आहे, आणि तो बारा पंचवीसला ती दाखवील.

सगळं गाव वहाळाच्या काठावर येऊन उभं राहिलं. बाबलीनं काठी वर केली तशी लहान पोरंसुद्धा गप झाली. पलीकडे रिकामी घरं. बारा चोवीस झाले. रसिकानं मोबाइल हातावर ठेवून पुढे धरला होता. तेवढ्यात माझ्या परसातून घुर्र आवाज झाला. मोटर सुरू झाली. सातेक सेकंद गेली असतील.

टिंग.

कुणीतरी शिट्टी मारली. रसिकानं मला सगळ्यांदेखत मिठी मारली, जे आमच्या गावात पळण मोडण्याइतकंच नवीन होतं.

बाबली मात्र गंभीर होता. "गणपत, कायदो तू केलंस आणि तूच मोडलंस. लोका सांगे ब्रह्मज्ञान..."

"बाबलीभावजी," लक्ष्मी मधेच म्हणाली. ती इतका वेळ गप्प होती, आणि ती गप्प असली की मला नेहमी काळजी वाटते. "तुमच्या फ्रीजात चार किलो सुरमई आसा ना ओ? ती खराब होवची नाय?"

बाबलीची काठी खाली आली. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मागून कुणी म्हणालं की सुरमईच का, त्यांच्या घरात बांगडेसुद्धा आहेत. मग एक एक करत निघायला लागलं. कुणाचा फ्रीज, कुणाचा मासळी सुकवायचा पंखा, कुणाचा दारावरचा कॅमेरा, कारण मुंबईचा मुलगा त्यातून घर बघतो. पंधरा वर्षं, पाच पळणी, आणि "होय होय" म्हणणाऱ्यांपैकी कुणीही मेन पाडलेला नव्हता! त्यांचे फ्रीज त्यांच्या जाड वायरींवर, त्यामुळे माझ्या घराला पत्ता नाही. कायदा पाळणारा एकटा मी, तोही यंदापर्यंत. मला इतका संताप आला की मी दोन मिनिटं खाली बसलो.

शेवटी बाबलीनं देवापुढे सगळ्या गावाचा मिळून एक नारळ ठेवायचं ठरवलं आणि कौल लावला. देवानं पळण पुरी झाली असं सांगितलं. देवालाही सुरमई खराब व्हावी असं वाटलं नसावं.

चार वाजता रसिका साहेबाशी बोलली. मोटर लागते, लांब बारीक वायरीवर विजेचा दाब क्षणभर घसरतो आणि चार्जर अर्धा सेकंद डोळा मिटतो. "चार्जर गेला, चार्जर आला" अशी वर्दी लॅपटॉपच्या पोटात जाते. बॅटरीच्या खात्यावरचा ड्रायव्हर ती वर्दी ऐकून समजतो की मालकच आला, आणि सगळ्यांना उठवतो. खरं म्हणजे त्यानं झोपेतच ती टिपून ठेवायला हवी आणि कूस बदलायला हवी. बंगळुरूच्या लॅबमध्ये करंट कधी डोळाच मिटत नाही, म्हणून तिथे काही दिसलं नाही. साहेबाला पटेना. दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणि बारीक वायरीचं वेटोळं आणवलं. लॅबमधला लॅपटॉप पहिल्याच झटक्याला उठून बसला. रसिकानं सात ओळी बदलल्या आणि तो झोपला.

साहेबाचं पत्र तिनं मला मराठी करून वाचून दाखवलं. इतक्या खर्चाच्या लॅबला जे सापडलं नाही ते तुमच्या पडवीत सापडतं, तेव्हा यापुढे प्रत्येक नवं मॉडेल आधी तुमच्याकडे येईल. बंगळुरूला येऊ नये. आणि घरातली वायर आहे तशीच राहू द्यावी.

मी ते पत्र तिला दोनदा वाचायला लावलं.

आठ दिवसांनी दारात मोटारसायकल थांबली. देवेश, आमच्या भागाचा नवा वायरमन, मागे नव्याकोऱ्या जाड वायरीचं बंडल बांधून आला होता. पळणीची गोष्ट त्याच्या कार्यालयापर्यंत पोचली होती. पोचणारच.

"काका, तुमची वायर बदलूक इलंय," तो म्हणाला. "गणपत धुऱ्याच्याच घराची वायर बारीक, ही आपल्या खात्याची लाज, असा साहेब म्हणालो. खास मंजुरी दिल्यानी. अर्ध्या तासाचा काम."

मी खांबाकडे बघितलं. एकतीस वर्षांत मी कुणाच्या दारात कमजोर वायर दिसली आणि तशीच सोडून आलो, असं झालेलं नाही. पडवीत रसिका नव्या मॉडेलचं झाकण मिटून, घड्याळ लावून बसली होती. आतून लक्ष्मी तिला जेवायला हाका मारत होती.

"नको," मी म्हणालो.

"अवो काका, वायर खराब आसा!"

"आसा. माझीच आसा. रवांदे."

त्याला वाटलं मी रुसलोय. त्यानं समजूत घातली, मग साहेबाची भीती घातली, मग बिचाऱ्यानं खिशातून फॉर्म काढला. वरती गेलं तर त्याला जाब विचारतील, म्हणून मी लिहून द्यावं म्हणाला. मी चष्मा लावला. 'वायरची स्थिती' या रकान्यात मी 'खराब' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. खाली सही केली, गणपत धुरी, निवृत्त वायरमन. मधला एक रकाना राहिला होता, 'काम नाकारण्याचे कारण'. देवेशनं त्यावर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं, 'मुलगी घरी आहे.'